संख्यावाचन आणि पालकांची चिंता

प्राथमिक वर्गांतील मुलांचें गणित हा पालकांच्या नित्य काळजीचा विषय आहे. आमच्या पनवेलींत घाटावरून, कोंकणांतून व मुंबईहून येऊन राहिलेलीं कुटुंबें पुष्कळ. परंतु बहुतेकांची तक्रार एकच असते, कीं हें नवें गणित आम्हांस कळत नाहीं, मग मुलांस घरीं शिकवावें कसें? ही तक्रार उपहासानें टाळण्याजोगी नाहीं. म्हणून तिच्याशीं संबद्ध अशा एका प्रसिद्ध वादाचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन २०१९ च्या जून महिन्यांत बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून महाराष्ट्रभर वाद माजला. २१ पासून पुढच्या संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा वाचण्याची रीति त्या पुस्तकांत दिली होती. जुनीं नांवें काढून टाकिलीं नव्हतीं. दोन्ही रीति दिल्या होत्या. तरी मराठी भाषेची हानि होते अशी ओरड झाली, व प्रश्न विधानसभेंतहि गाजला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा, सन २०२३ मध्यें दिवंगत झालेल्या डॉ. मंगला नारळीकर, यांनीं या रीतीचें समर्थन केलें.

ही रीति सुचविण्याचें कारण काय? ‘सत्तावीस’ हा शब्द उच्चारून पाहा. कानावर आधीं सात पडतात व मागून वीस. परंतु लिहितांना आधीं दहंस्थानचे दोन मांडावे लागतात व मग एकंस्थानचे सात. सहासात वर्षांचें मूल ऐकलें तसें लिहितें, आणि २७ चे ७२ होतात! शिवाय तोच सात अंक प्रत्येक दशकांत निराळा वेष घेतो : सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट, सत्त्याण्णव. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. म्हणजे तेथें बेरीज सोडून एकदम वजाबाकीच आली. इंग्रजींत वीस, तीस, चाळीस हे शब्द व एक ते नऊ एवढे पाठ असले, कीं पुढील संख्या आपोआप बोलतां येतात. कानडींतहि २१ ला ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे ‘वीस एक’ असेंच म्हणतात. मराठी मुलास मात्र शंभरापर्यंत बहुतेक प्रत्येक नांव स्वतंत्र पाठ करावें लागतें.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. जर्मन भाषेंतहि ‘पांच आणि वीस’ असाच क्रम आहे. नॉर्वेंत तर पार्लमेंटच्या निर्णयानें सन १९५१ पासून ‘वीस पांच’ असा क्रम अधिकृत करण्यांत आला. तथापि जुनी रीतिहि लोकांच्या तोंडीं टिकून राहिली.

पालकांच्या आक्षेपांतहि तथ्य आहे. बाजारांत भाजीवाली ‘पंचवीस रुपये’ म्हणते, आजी ‘बावीस तारीख’ म्हणते. तीं नांवें मुलास कळलीं नाहींत, तर त्याचें अडेल. म्हणून तीं शिकलींच पाहिजेत. परंतु शिडी चढतांना पहिल्या पायरीवर पाय ठेवणें म्हणजे माडीचा त्याग करणें नव्हे.

येथें एका जुन्या फेरबदलाचें स्मरण होतें. आपल्या आज्यापणज्यांनीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकले. रुपयाचे सोळा आणे व मणाचे चाळीस शेर असतां ते पाढे व्यवहाराचे प्राण होते. ता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढें किलोग्रॅम आला, आणि त्या पाढ्यांचें काम हळूहळू सरलें. पाठांतरानें येणारी चपळाई मात्र आजहि मोलाची आहे. साधनें बदलतात, संख्येची समज हें साध्य बदलत नाहीं.

ती समज घरीं तपासणें सोपें आहे. मुलास सत्तावीस चिंचोके मोजावयास द्यावे. त्यानें दहादहांचे दोन ढीग करून सात सुटे ठेविले, म्हणजे ‘वीस सात’ त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मग म्हणावें, “यांसच आपण सत्तावीस म्हणतों.” नंतर २७ हा अंक लिहवावा, व शेवटीं ७२ चिंचोके मोजण्यास सांगून दोहोंतील अंतर त्यासच बोलूं द्यावें. रोज दहा मिनिटें पुरेत. चिंचोक्यांस दाम पडत नाहीं, व आईबापांस नवें गणित येत नसलें तरी चालतें.

आमच्या मतें खरें भय निराळेंच आहे. ७२ लिहिल्याबद्दल ज्या मुलास हंसतात, तें ‘मला गणित येत नाहीं’ असा निकाल सातव्या वर्षींच स्वतःविरुद्ध देऊन बसतें, व तो निकाल पुढें मॅट्रिकपर्यंत कोणासहि फिरवितां येत नाहीं. दोष बहुधा बुद्धीचा नसतो. कान व लेखणी यांच्या क्रमाचा असतो. तेव्हां पालकांनीं पुस्तकावर रागावण्यापूर्वीं मुलाची पाटी पाहावी, शिक्षकांस भेटून विचारावें. आणि मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं धाकट्या भावंडांच्या चुकीस हंसण्याऐवजीं चिंचोके घेऊन त्यांच्याजवळ बसावें, एवढीच आमची विनंति आहे.