रथ धावत होते तिथला बाजार

किनाऱ्यावरचा स्पेन : लेखांक ६

तारागोनाच्या प्लासा दे ला फोन्त या चौकात दुपारच्या जेवणाच्या वेळी टेबल मिळवायला थांबावं लागतं. चौक लांबट आहे. एका टोकाला नगरपालिका, दोन्ही अंगांना चार-पाच मजली घरं आणि घरांखाली उपाहारगृहं. तिथं कॉफी पीत बसलेल्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात येतं, की या चौकाची लांबी-रुंदी कुणा नगररचनाकारानं ठरवलेली नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस, सम्राट डोमिशियनच्या काळात, रोमनांनी इथं रथांच्या शर्यतींसाठी मैदान बांधलं. लांबी सुमारे ३२५ मीटर, रुंदी ११५ मीटरच्या आसपास, आणि बसायला जागा तीसेक हजार माणसांना. पुढे साम्राज्य गेलं, शर्यती थांबल्या. मध्ययुगात लोकांनी प्रेक्षकांच्या बैठकींखालच्या दगडी कमानींनाच भिंती धरून घरं उभी केली. आजही आसपासच्या एखाद्या दुकानात शिरलं, की मागच्या बाजूला रोमन कमान दिसते आणि तिच्याखाली मालाची खोकी रचलेली असतात.

हे सगळं दाखवायला सोबत जाणकार माणूस लागतो. या लेखांकाचा विषय तोच आहे : बार्सिलोनाहून सकाळी निघून तारागोना आणि सिचेस ही किनाऱ्यावरची दोन शहरं पाहून संध्याकाळी परतण्याची खासगी सहल, आणि तिच्यात वाटाड्याच्या पैशांचं मोल नेमकं कुठं वसूल होतं ते.

अंतरं सोयीची आहेत. तारागोना बार्सिलोनापासून नैर्ऋत्येला सुमारे शंभर किलोमीटरवर, तर सिचेस त्याच वाटेवर चाळीसेक किलोमीटरवर. आतल्या बाजूनं जाणाऱ्या एपी-७ या महामार्गावरचा टोल सप्टेंबर २०२१ मध्ये उठला. गाराफच्या डोंगरातले बोगदे पार करून सिचेसला नेणाऱ्या सी-३२ वर मात्र तो अजून द्यावा लागतो. रेल्वेनंही जाता येतं. पण वेगवान गाड्यांचं 'काम्प दे तारागोना' हे स्थानक शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर आहे, हे तिकीट काढण्याआधी माहीत असलेलं बरं. साध्या प्रादेशिक गाड्या थेट समुद्राकाठच्या जुन्या स्थानकात उतरवतात.

खासगी सहल ठरवताना एक प्रश्न आवर्जून विचारावा : गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा एकच आहे का? कॅटलोनियात संरक्षित स्मारकांच्या आणि वस्तुसंग्रहालयांच्या आत मार्गदर्शन करायला तिथल्या स्वायत्त सरकारचा परवाना लागतो. परवाना नसलेला चालक कितीही बोलका असला तरी फाटकापाशी थांबतो आणि पाहुण्यांना आत एकट्यानं फिरावं लागतं. सहल खासगी म्हणून जादा पैसे मोजायचे आणि ऐन कॅथेड्रलमध्ये सोबत कुणीच नाही, असं होऊ नये.

वाटेत थांबण्यासारखं बरंच आहे, आणि सगळीकडे थांबायचा मोह आवरणं गरजेचं आहे. बेराची रोमन कमान गाडीतूनही बघता येते, कारण जुना रस्ता तिला वळसा घालूनच जातो. मात्र मेदोलची दगडखाण चुकवू नये. ती महामार्गावरच्या विश्रांतीस्थानाला लागूनच आहे, तरी बहुतेक प्रवासी तिथं सँडविच खाऊन पुढं जातात. तारागोनातल्या रोमन इमारतींचा पिवळसर दगड इथून निघाला. झाडाझुडपांनी भरलेल्या या खोल खड्ड्याच्या मधोमध रोमनांनी दगडाचा एक सुळका न तोडता तसाच ठेवला आहे. त्याची उंची सुमारे सोळा मीटर. खोदकामाआधी जमीन कुठवर होती ते त्याच्या टोकावरून कळतं. कामगारांनी हातानं किती दगड उपसला याचा अंदाज त्या सुळक्याच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर येतो. नंतर शहरातली प्रत्येक भिंत वेगळ्या नजरेनं बघितली जाते.

शहराच्या उत्तरेला चार किलोमीटरवर फेरेरेसचा जलसेतू आहे. लोक त्याला सैतानाचा पूल म्हणतात. खाली ११ कमानी, वर २५, उंची २७ मीटर. कमानींचे दगड चुन्याशिवाय, केवळ एकमेकांच्या भारावर उभे आहेत. फ्रांकोली नदीचं पाणी या पुलावरून शहरात जात होतं. आज त्याच कोरड्या पाटातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालता येतं. दंतकथा अशी, की सैतानानं पूल बांधून द्यायचं कबूल केलं, बदल्यात पहिल्यांदा पूल ओलांडणाऱ्याचा जीव मागितला. गावकऱ्यांनी पुढं गाढव हाकललं.

तारागोना, म्हणजे रोमनांचं तार्राको, जन्मलं ते युद्धातून. इसवी सनपूर्व २१८ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्सकडे निघाला असताना, त्याची मागची रसद तोडण्यासाठी रोमनं ग्नेयस कॉर्नेलियस स्किपिओला स्पेनच्या किनाऱ्यावर उतरवलं. त्यानं या टेकडीवर छावणी टाकली. दुसऱ्या वर्षी त्याचा भाऊ पब्लियस येऊन मिळाला. छावणीची तटबंदी झाली. साडेतीन किलोमीटरच्या त्या तटापैकी अकराशे मीटर अजून उभा आहे. तळाला माणसाच्या उंचीचे ओबडधोबड दगड आणि त्यावर नीट घडवलेले, हा फरक इतका ठळक आहे की पूर्वी अभ्यासकांना खालचा भाग रोमनांच्या आधीचा वाटत असे. दोन्ही रोमनांचेच, हे उत्खननानं सिद्ध केलं. या तटातल्या मिनर्वा बुरुजावर देवीचं झिजलेलं शिल्प आहे. इबेरियन द्वीपकल्पातलं हे सर्वांत जुनं रोमन शिल्प.

इसवी सनपूर्व २६-२५ मध्ये सम्राट ऑगस्टस स्वतः इथं मुक्कामाला होता. उत्तरेकडची कांताब्रियन युद्धं चालू होती आणि त्याची प्रकृती ढासळली होती. त्या काळात साम्राज्याचा कारभार या गावातून चालला. त्याच्या नावानं इथं वेदी उभारली गेली. तिच्यावर खजुराचं झाड उगवल्याचं शहरवासीयांनी त्याला मोठ्या कौतुकानं कळवलं, तेव्हा तो म्हणाला, यावरून वेदीवर अग्नी किती वेळा पेटवता ते समजलं. हा किस्सा रोमन लेखक क्विंटिलियननं नोंदवून ठेवला आहे. तार्राकोच्या लोकांना मात्र झाडाचा अभिमान कायम राहिला. पुढे त्यांनी वेदी आणि झाड नाण्यांवर पाडलं.

ज्या जागी ऑगस्टसचं मंदिर होतं, तिथंच आज कॅथेड्रल आहे. बाराव्या शतकात काम सुरू झालं, १३३१ मध्ये वास्तूला धार्मिक मान्यता मिळाली, पण दर्शनी भाग पुरा झालाच नाही. इथं परवानाधारक वाटाड्या हवा तो ओवरीसाठी. तिथल्या खांबांच्या माथ्यावर उंदरांची एक मिरवणूक कोरली आहे. मेलेल्या मांजराला तिरडीवर घालून उंदीर वाजतगाजत निघाले आहेत. शेजारच्याच दृश्यात मांजर उठून त्यांच्यावर झेपावतं. आकार लहान, जागा उंचावर. कुणी बोट दाखवल्याशिवाय दिसत नाही.

समुद्राला लागून असलेल्या लंबवर्तुळाकार पायऱ्यांचं दुसऱ्या शतकातलं ॲम्फिथिएटर मात्र कुणी न दाखवता दिसतं, आणि छायाचित्रं इथलीच सर्वाधिक निघतात. चौदा हजार प्रेक्षकांसमोर इथं माणसं आणि जनावरं झुंजली. २१ जानेवारी २५९ रोजी बिशप फ्रुक्तुओसस आणि त्याचे दोन सहकारी ऑगुरियस व युलोजियस यांना याच मैदानात जिवंत जाळण्यात आलं. त्यांच्या स्मरणार्थ सहाव्या शतकात मैदानातच चर्च बांधलं गेलं, बाराव्या शतकात त्यावर दुसरं. दोन्हींचे पाये एकात एक गुंतलेले आहेत. युनेस्कोनं २००० साली तार्राकोच्या अवशेषांना जागतिक वारसा ठरवलं, ते या एकावर एक चढलेल्या काळामुळंच शोभून दिसतं.

राम्ब्ला नोवा या रुंद रस्त्यावर एक ब्राँझचं शिल्प आहे. मराठी पाहुण्याचे पाय तिथं आपसूक थबकतात. एकमेकांच्या खांद्यांवर चढलेली माणसं, खाली दाटीनं उभा आधार, आणि वरच्या टोकाला पोर. हे 'कास्टेल', म्हणजे कॅटलन मनोरे. सुरुवात शेजारच्या वाल्स गावातली. २०१० मध्ये या परंपरेला युनेस्कोची मान्यता मिळाली. तारागोनात सम वर्षांत, जुन्या बैलझुंजीच्या आखाड्यात, त्यांची मोठी स्पर्धा भरते. कॅटलोनियातल्या एका पथकानं ठाण्या-मुंबईच्या दहीहंडीत येऊन थर लावले आहेत, आणि २०१२ मध्ये ठाण्यात जय जवान पथकानं लावलेल्या नऊ थरांची नोंद गिनीज बुकानं घेतली, तेव्हा कॅटलन मनोऱ्यांशी तुलना झालीच. एक भेद मात्र मोलाचा आहे. तिथं फोडायला हंडी नसते. वरच्या मुलानं हात उंचावला की मनोरा रचला गेला, एवढंच. सगळे थर सुखरूप खाली उतरले तरच तो पुरा मानतात. उतरण्यालाही गुण देणारी ही पद्धत आपल्याकडच्या आयोजकांनी जवळून पाहावी, असं मनापासून वाटतं.

जेवण दोनच्या आत मिळेलच असं नाही. एल सेराल्यो या कोळीवाड्यात मासळी खावी आणि सोबत रोमेस्को मागावं. बदाम, हेझलनट, वाळलेली न्योरा मिरची, लसूण, टोमॅटो, पाव आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेलं हे वाटण या शहराचंच.

सिचेसला वाटाड्या असला तर बरं, नसला तरी अडत नाही. समुद्रात घुसलेल्या खडकावरचं सतराव्या शतकातलं चर्च, पांढऱ्या भिंती, लांब वाळू. गाव स्वतःहून उलगडतं. एक घर मात्र वेळ काढून पाहावं. चित्रकार सांतियागो रुसिन्योलनं कोळ्यांची घरं जोडून काउ फेराट उभारलं आणि जुन्या लोखंडी कामानं ते भरलं. एल ग्रेकोला फारसं कुणी विचारत नव्हतं त्या काळात, १८९४ मध्ये, त्यानं पॅरिसमध्ये त्या चित्रकाराची दोन चित्रं घेतली आणि गावातून मिरवत घरी नेली. चार वर्षांनी गावानं एल ग्रेकोचा पुतळाच उभारला. चित्रं आजही त्या घरात आहेत.

समुद्रामागच्या गल्ल्यांतल्या देखण्या हवेल्या क्यूबात पैसा मिळवून परतलेल्यांच्या. रम बनवणारा फाकुंदो बाकार्दी इथंच १८१४ मध्ये जन्मला आणि तरुणपणी क्यूबाला गेला. क्यूबात गुलामगिरी १८८६ पर्यंत कायदेशीर होती, आणि तिथला साखरेचा व्यापार तिच्यावरच उभा होता. हवेल्यांच्या नक्षीबरोबर हेही सांगणारा वाटाड्या मिळाला तर तो चांगला समजावा.

वेळेचा हिशेब असा ठेवावा : तारागोनाला पाच तास, सिचेसला दोन. तिसरं गाव जोडून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. सोमवार टाळावा, कारण तारागोनाची बरीच स्मारकं त्या दिवशी बंद असतात. रविवारी दुपारनंतरही बरीच दारं लागतात. आणि शहरात शिरल्यावर सर्वांत आधी वोल्ता देल पाल्योलमधली प्राचीन तार्राकोची प्रतिकृती पाहून घ्यावी. रथांचं मैदान, मंदिर आणि तट एकमेकांपासून किती अंतरावर होते ते तिच्यावरून ध्यानात येतं, आणि मग दिवसभर वाटाड्याला योग्य प्रश्न विचारता येतात.

(पुढील लेखांक : कादिस)