नेताजींना नेणारी पाणबुडी

९ फेब्रुवारी १९४३. महायुद्ध ऐन भरात होते. जर्मनीतील कील बंदरातून 'यू-१८०' ही पाणबुडी गुपचूप बाहेर पडली. कप्तान होते वेर्नर मुसेनबर्ग. खलाशांखेरीज आत दोन भारतीय होते - नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन. जर्मनीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही हे ओळखून नेताजी आता पूर्वेकडे निघाले होते.

'यू-१८०' मे १९४२ मध्ये जर्मन नौदलात दाखल झाली होती. वेग वाढावा म्हणून तिला वेगवान मोटरबोटींची सहा इंजिने बसवली होती. पण हा प्रयोग फसला. इंजिने भयंकर तापत आणि धूर ओकत. शत्रूपासून लपत फिरणाऱ्या बोटीने धूर सोडणे म्हणजे स्वतःहून आपला पत्ता सांगणेच!

या लोखंडी नळकांड्यात नेताजींनी अडीच महिने काढले. कोंदट हवा, डिझेलचा वास, हालायलाही जागा नाही. तरी त्यांचे काम थांबले नाही. ते मजकूर सांगत आणि हसन तो उतरवून घेत. वाटेत १८ एप्रिलला 'यू-१८०'ने 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले.

मादागास्करजवळ ठरल्याप्रमाणे 'आय-२९' ही जपानी पाणबुडी भेटली. समुद्र खवळलेला होता. अखेर २८ एप्रिलला उसळत्या लाटांवरून रबरी होडीने नेताजी आणि हसन पलीकडे गेले. तिकडून दोन जपानी अधिकारी आणि सुमारे दोन टन सोने इकडे आले. ६ मे रोजी नेताजी सुमात्राजवळच्या साबांग बेटावर उतरले.

परतताना 'यू-१८०'ने 'बोरिस' हे ग्रीक जहाज बुडवले आणि जुलैत तिने फ्रान्समधील बोर्दो बंदर गाठले. तेथे तिची इंजिने बदलण्यात आली. टॉर्पेडोच्या नळ्या काढून तिला मालवाहू बनवण्यात आले. २० ऑगस्ट १९४४ रोजी ती पुन्हा पूर्वेकडे निघाली आणि बिस्केच्या उपसागरात नाहीशी झाली. बहुधा सुरुंगावर आदळली असावी. आतील ५६ जणांपैकी एकही वाचला नाही.

त्याआधी महिनाभरही झाला नव्हता, तोच २६ जुलैला अमेरिकन पाणबुडीने 'आय-२९'चाही घास घेतला होता. नेताजींना सुखरूप पोहोचवणाऱ्या दोन्ही पाणबुड्यांचा शेवट मात्र समुद्रातच झाला.