टेक कॉन्फरन्सला जाताय? भाषणांमागे कमी धावा, माणसांना जास्त भेटा

मोठ्या टेक कॉन्फरन्सला पहिल्यांदा गेलेला विद्यार्थी लांबूनही ओळखू येतो. गळ्यात बिल्ला, पाठीवर फुकट मिळालेली पिशवी, हातात वेळापत्रक आणि एका हॉलमधून दुसऱ्या हॉलकडे धावपळ. दोन दिवसांत बारा-पंधरा भाषणं, वहीभर नोट्स, लॅपटॉपवर चिकटवायला वीसेक स्टिकर. जेवणाच्या सुट्टीत आपल्याच कॉलेजच्या तिघांबरोबर कोपऱ्यात उभं राहून जेवायचं आणि संध्याकाळी बस पकडून हॉस्टेल गाठायचं. एवढ्या गर्दीत एकाही अनोळखी माणसाशी पाच मिनिटं बोलणं झालेलं नसतं.

मी इंजिनिअर नाही. समाजशास्त्र शिकले आणि पुण्याच्या वस्त्यांमधून, हॉस्टेलमधून शिकणाऱ्या मुलामुलींबरोबर काम करते. त्यांच्यापैकी अनेकजण कॉम्प्युटर सायन्स, आयटी, बीसीए करतात. त्यामुळे कोड कसा लिहावा हे मी सांगणार नाही. एवढ्या माणसांच्या गर्दीत जाऊन आपल्या हाती काय लागू शकतं, तेवढं सांगते.

भाषणं ऐकू नका असं माझं म्हणणं नाही. पण बहुतेक मोठ्या परिषदा भाषणं रेकॉर्ड करतात आणि पुढे ती यूट्यूबवर येतात. येरवड्यातल्या अभ्यासिकेत बसूनही ती ऐकता येतात, थांबवून, मागे नेऊन, दोनदा. तिकीट काढून, प्रवास करून, पार्टटाइम कामाचे दोन दिवस बुडवून जायचं, ते यूट्यूबवर न येणाऱ्या गोष्टीसाठी. ती गोष्ट म्हणजे ओळख.

‘ओळख’ या शब्दाची आपल्याला चीड आहे आणि ती बरोबरच आहे. ओळखीवर नोकऱ्या लागतात आणि आपली ओळख नसते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण ही ओळख नेमकी कशी चालते, यावर समाजशास्त्रात एक गाजलेला अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये तो लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ज्यांना कुणाच्या तरी ओळखीतून नवी नोकरी मिळाली, अशा ५४ जणांना त्याने विचारलं की तो ओळखीचा माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा? आठवड्यातून निदान दोनदा भेटणारा जवळचा माणूस फक्त १६.७ टक्के लोकांच्या कामी आला होता. अधूनमधून भेटणारा ५५.६ टक्क्यांच्या, तर वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारा २७.८ टक्क्यांच्या.

कारण सरळ आहे. जवळच्या माणसाला जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी दूरच्या माणसाकडून येते. सुस्थितीतल्या घरातल्या मुलाला अशी दूरची माणसं वारशाने मिळतात. बाबांचे कलीग, मावशीचे मिस्टर, सोसायटीतले काका, शाळेतले सीनिअर. वडील रिक्षा चालवत असतील आणि आई चार घरची कामं करत असेल, तर जवळची माणसं भरपूर असतात, जिवाला जीव देणारी असतात, पण हिंजवडीतल्या कुठल्या टीममध्ये जागा निघाली आहे हे त्यांना कुठून कळणार?

दुसरी बाजू आपल्याला अनुभवाने माहीत आहे, पण तिचे आकडेही आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखंच, फरक फक्त नावात. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांशी बोलून दाखवलं की ‘फॅमिली बॅकग्राउंड’ हा प्रश्न मुलाखतीत किती सहज येतो आणि किती वजन खातो.

म्हणजे आपला बायोडेटा नुसताच ढिगाऱ्यात जाऊन पडला, तर त्याच्या आधी आपलं नाव वाचलं जातं. कॉन्फरन्समध्ये क्रम उलटा होण्याची थोडी संधी असते. समोरचा माणूस आधी तुमचा प्रश्न ऐकतो, तुमचं काम पाहतो. तिथे जात नसते असा भाबडा दावा मी करणार नाही. त्याबद्दल पुढे बोलते.

कुठल्या परिषदेला जायचं, हे आधी ठरवा. मोठमोठे एक्स्पो असतात, महागडे स्टॉल, सूटमधली माणसं, सगळं विक्रीसाठी. विद्यार्थ्याला तिथे पेन आणि माहितीपत्रकं मिळतात, बाकी फारसं काही नाही. त्यापेक्षा स्वयंसेवकांनी चालवलेल्या, मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदा कितीतरी पटीने उपयोगाच्या. पुण्याला त्यांची परंपरा आहे. पायथॉन भाषेची राष्ट्रीय परिषद पायकॉन इंडिया २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झाली आणि २०११ च्या सप्टेंबरमध्ये ती आपल्या सेनापती बापट रोडवर, सिंबायोसिस विश्वभवनात भरली होती. पायथॉन घडवणाऱ्या मूळ टीममधले रेमंड हेटिंगर तेव्हा आले होते. मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्याच कॉम्प्युटर संस्थेत ‘ग्नूनिफाय’ अनेक वर्षं भरत आलं. ड्रुपलची आशियाई परिषद फेब्रुवारी २०१६ मध्ये पवईच्या आयआयटीत झाली आणि २०२६ च्या वर्डकॅम्प एशियाचं यजमानपद मुंबईकडे आलं. अलीकडे, २०२४ आणि २०२५ ला, पायकॉन बंगळुरूतच होती. पुण्याहून उद्यान एक्सप्रेसच्या स्लीपरने जाता येतं.

आता तयारी. जाण्याआधीच्या आठवड्यात वेळापत्रक उघडा आणि भाषणं नव्हे, माणसं निवडा. पाचच. त्यातली दोन अशी असू द्या जी पुण्यात किंवा मुंबईत काम करतात, कारण त्यांना पुन्हा भेटता येईल. प्रत्येकाचा प्रोजेक्ट गिटहबवर पाहा, जमलं तर आपल्या मशीनवर चालवून बघा. तो चालवताना कुठेतरी अडाल. जिथे अडलात, तोच तुमचा प्रश्न. ‘सर, करिअरसाठी काय करू?’ या प्रश्नाला कुणीही गुळगुळीत उत्तर देऊन पुढे जातो. ‘तुमचं टूल मी मराठी मजकुरावर चालवलं, जोडाक्षरं तुटतात, हे कुठे दुरुस्त करायचं?’ असं विचारलं तर तो माणूस थांबतो. कदाचित तिथेच लॅपटॉप उघडून बसतो.

स्वतःबद्दल दोन वाक्यंही तयार ठेवा. कॉलेजचं नाव आणि टक्के त्यात नकोत. काय बनवताय किंवा काय शिकताय, आणि सध्या कुठे अडलाय, एवढं पुरे. घरी मोठ्याने म्हणून बघा. आणि इंग्रजी? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांची खरी अडचण हीच असते, जाहीरपणे कुणी सांगत नाही. तोडकंमोडकं इंग्रजी चालतं, हिंदी चालते, पुण्यातल्या गर्दीत मराठीही चालते. समोरचा तामिळ किंवा मल्याळी असेल तर त्याचंही इंग्रजी घासूनपुसूनच तयार झालेलं असतं.

तिथे पोचल्यावर पहिला नियम म्हणजे आपल्या ग्रुपने फुटायचं. चौघं गेलात तर चार वेगळ्या टेबलांवर जेवा आणि रात्री एकत्र बसून कोण कुणाला भेटलं ते सांगा. दुसरं, मधल्या वेळात हॉलबाहेर थांबा. परिषदांना मुरलेली माणसं म्हणतात की खरी परिषद व्हरांड्यातच असते. घोळक्यात शिरायचं कसं, हा संकोच सगळ्यांनाच असतो. एरिक होल्शर नावाच्या प्रोग्रॅमरने यावर ‘पॅकमॅन नियम’ सांगितला. गोल करून बोलत उभे असाल, तर एका माणसाची जागा उघडी ठेवा, तोंड उघडलेल्या पॅकमॅनसारखी. अशी उघडी जागा दिसली की ती तुमच्यासाठी आहे असं समजा आणि जाऊन उभे राहा. पहिली पाच मिनिटं नुसतं ऐकलं तरी चालतं. आणि तुम्ही आतल्या बाजूला असाल, तेव्हा कुणासाठी तरी जागा सोडा.

‘लायटनिंग टॉक’ म्हणजे साधारण पाच मिनिटांचं छोटं भाषण. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी नाव देता येतं. धीर असेल तर द्या. पाच मिनिटं बोललात की दिवसभर लोकच तुमच्याकडे येतात, तुम्हाला कुणाकडे जावं लागत नाही. जयंतीच्या स्टेजवर हजारभर लोकांसमोर बोलणारी आपली पोरं इथे का गप्प बसतात, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटच्या दिवशी लवकर निघू नका. मुख्य भाषणांच्या आधी किंवा नंतर अनेक परिषदांमध्ये प्रत्यक्ष कामाचा दिवस असतो. कुठे त्याला स्प्रिंट म्हणतात, वर्डकॅम्पमध्ये कॉन्ट्रिब्युटर डे. गर्दी कमी, अनुभवी माणसं शेजारी बसून शिकवतात, आणि कोडिंग कच्चं असलं तरी काम असतं. वर्डप्रेसचं मराठी भाषांतर स्वयंसेवकच करतात. इंग्रजी वाक्य समोर येतं, तुम्ही मराठी सुचवता, संपादक तपासून मंजूर करतात. मराठी चांगलं असणं हे तिथे चक्क कौशल्य ठरतं! आणि ते काम तुमच्या नावावर सगळ्यांना दिसेल असं राहतं. मुलाखतीत दाखवायला प्रमाणपत्रापेक्षा ते बरं.

आता जातीबद्दल. गप्पांमध्ये ‘पूर्ण नाव काय?’, ‘मूळचे कुठले?’ हे प्रश्न येतात. कधी निरागस असतात, कधी नसतात. उत्तर द्यायचं की विषय कामाकडे वळवायचा, हा तुमचा हक्क आहे, आणि दोन्हींत कमीपणा नाही. आरक्षणावरचे विनोद, ‘मेरिट’वरचे टोमणेही जेवणाच्या टेबलावर ऐकू येऊ शकतात. चांगल्या परिषदांची लिखित आचारसंहिता असते आणि तक्रार कुणाकडे करायची तेही त्यात दिलेलं असतं. जाण्याआधी ती वाचा. त्यात ‘जात’ हा शब्द नसेल तर आयोजकांना मेल करून विचारा, का नाही? अमेरिकेतल्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला. भारतातल्या परिषदेला ते जड जाऊ नये.

परत आल्यावर तीन दिवसांच्या आत मेल करा. नंतर समोरच्याच्या लक्षात राहत नाही. मेल चार ओळींचा हवा. कुठे भेटलो, काय बोललो, त्यानंतर मी काय करून पाहिलं, आणि एक छोटा प्रश्न. नोकरी मागू नका, बायोडेटा जोडू नका. लिंक्डइनवर नुसती रिक्वेस्ट पाठवून गप्प बसणं म्हणजे ओळख नाही. दोन-तीन महिन्यांनी काही नवं केलंत की पुन्हा दोन ओळी पाठवा. ग्रॅनोव्हेटरच्या अभ्यासातली ती ‘अधूनमधून भेटणारी’ माणसं अशीच तयार होतात. पुण्यात पायथॉनपुणे, पुणे लिनक्स युजर्स ग्रुप अशा मंडळींच्या बैठका असतात, तिथे तीच माणसं पुन्हा भेटतील.

राहिला पैशाचा प्रश्न. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त तिकीट असतं का ते पाहा, स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं का ते विचारा. पायकॉन इंडियासारख्या परिषदा गरजूंना आर्थिक मदतही देतात, पण तिचे अर्ज परिषदेच्या बरेच आधी बंद होतात आणि आपल्याला बातमी लागते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मार्च-एप्रिलपासूनच वेबसाइट बघत राहा. अर्जात गरिबीचं वर्णन एका ओळीत संपवा, बाकी जागा कामाला द्या. आणि जयंती मंडळांना माझी एक विनंती. डीजेच्या बजेटमधून दरवर्षी एका मुलाचा आणि एका मुलीचा प्रवास, राहणं, तिकीट सहज निघतं. अट एकच घाला. परत आल्यावर येणाऱ्या रविवारी त्यांनी वस्तीतल्या अभ्यासिकेत लॅपटॉप घेऊन बसायचं आणि तिथे जे शिकले ते बाकीच्यांकडून करून घ्यायचं. कुणाकुणाला भेटले, त्यांची नावं आणि मेल पत्ते, त्या माणसांना विचारून, अभ्यासिकेच्या वहीत लिहून ठेवायचे. पुढच्या वर्षी जाणाऱ्याने आधी ती वही उघडायची.