गुप्तहेराचं गाव

मराठीत गुप्तहेराला वाचकांची वाण कधीच नव्हती. बाबूराव अर्नाळकरांनी (1906–1996) एकट्यानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड घरोघर पोचले. तरीही टीव्हीवर रुजला तो या मोठ्या साहसवीरांपैकी कुणी नव्हे. 1980च्या दशकात दूरदर्शननं भा. रा. भागवतांचा शाळकरी फास्टर फेणे निवडला आणि सुमीत राघवननं तो उभा केला. मोठ्यांना जमलं नाही ते या काटकुळ्या पोराला का जमलं? माझ्या मते त्याला गाव होतं म्हणून. फुरसुंगी, पुण्याचं विद्याभवन, पायाखाली सायकल, तोंडात ‘टॉक्’. कॅमेऱ्याला दाखवायला काहीतरी लागतं, आणि भागवतांनी ते आधीच लिहून ठेवलं होतं. 2017च्या चित्रपटात हाच बनेश फेणे मोठा होऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या घोटाळ्यात शिरला. वय बदललं, काळ बदलला, पुणं मात्र हललं नाही.

यावर कुणी म्हणेल, रहस्यकथेला वेग पुरतो. धुळ्याच्या वाचकानं अर्नाळकर वाचले तेव्हा त्यात धुळं कुठे होतं? खरं आहे, आणि त्या वेगानं वाचनाची गोडी लावली हे ऋण मी मनापासून मानतो. पण वेग पुस्तक संपवतो, गाव ते लक्षात ठेवतं. शरदिंदू बंद्योपाध्यायांचा बंगाली गुप्तहेर ब्योमकेश 1932मध्ये अवतरला. बासू चटर्जींनी 1993मध्ये तो दूरदर्शनवर आणला, तेव्हा रजित कपूरचं धोतर, त्याचा सोबती म्हणून के. के. रैनांचा अजित आणि कोलकात्यातलं ते बिऱ्हाड बंगाली न कळणाऱ्या घरांतही आपलं झालं. विशेष म्हणजे शरदिंदू 1952पासून पुण्यात राहत होते. नंतरच्या बऱ्याच ब्योमकेशकथा त्यांनी तिथे बसून लिहिल्या. म्हणजे लेखकानं त्या गावात राहिलंच पाहिजे असं नाही. गाव त्याच्या लेखणीत मुरलेलं हवं. मराठी पडद्यानं पोलीस तपास मात्र जवळ केला. ‘एक शून्य शून्य’ ही मालिका आठवा. पोलिसाला चौकी असते, म्हणून त्याचा पत्ता आयता मिळतो. खासगी गुप्तहेराला तो मिळवावा लागतो.

खानदेशात हा पत्ता जागोजागी आहे. भुसावळ जंक्शनवर मुंबईची गाडी नागपूरकडे जाणार की खंडव्याकडे, एवढ्यावरच एखाद्या संशयिताचा अख्खा जबाब कोसळू शकतो. धुळ्याकडची अहिराणी आणि रावेर-यावलची लेवा बोली यांतला फरक बाहेरच्याला पटकन कळत नाही, इथल्याला दोन वाक्यांत कळतो. ‘आहे’च्या जागी ‘शे’ येतो की नाही, हाही पुरावाच. खानदेशी गुप्तहेराची मालिका काढली आणि तिच्यात बोली आली, की ती बाकीच्या महाराष्ट्राला समजणार नाही, ही शंका मला पटत नाही. ब्योमकेश हिंदीत बोलला तरी त्याचं बंगालीपण उणावलं नाही. तपासणारा खानदेशी असला की निवेदन प्रमाण मराठीत चालेल, साक्षीदार आपापल्या बोलीत बोलतील, आणि त्या दोहोंतल्या फटीत रहस्य राहील.

केळीचा चीक कपड्यावर सांडला की डाग काळा पडतो आणि किती धुतला तरी जात नाही. सावद्याच्या केळीबागेत मी कधी पाऊलच टाकलं नाही, असं सांगणाऱ्या पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाची बाही गुप्तहेर फक्त उलटी करून बघेल.