आतून कोण बोलतंय?

हे वाक्य तुम्ही आत्ता वाचताय. ओठ मिटलेले आहेत, पण डोक्यात कुणीतरी ते तुम्हाला वाचून दाखवतंय. ऐकू येतोय तो आवाज? तुमचाच आहे का? तुम्ही फोनवर बोलता तसा आहे, की थोडा वेगळा? बहुतेकांना याचं नीट उत्तर देता येत नाही. काहींना तर प्रश्नच कळत नाही, कारण त्यांच्या डोक्यात तसं कुणी बोलतच नाही.

आमच्या कट्ट्यावर मी हा प्रश्न सहज टाकून बघितला. पाच मिनिटांचा टाइमपास म्हणून सुरू झालेली चर्चा अख्खं लेक्चर खाऊन गेली. एकीचा आतला आवाज एरवी मराठी, पण स्वतःवर चिडली की थेट हिंदीवर येतो. एक जण इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री डोक्यातल्या डोक्यात फाडफाड इंग्रजीत सगळी उत्तरं देऊन मोकळा होतो. तिसऱ्याच्या डोक्यात म्हणे त्याची आईच बोलते, आणि तिचा ठरलेला विषय म्हणजे गॅस बंद केलास का. चौथा इतका वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, ‘माझ्या डोक्यात कुणीच बोलत नाही. चित्रं दिसतात फक्त.’ आम्ही सगळे त्याच्याकडे बघतच राहिलो. तोही आमच्याकडे त्याच नजरेनं बघत होता. तुम्ही लोक दिवसभर ही बडबड ऐकता, आणि तरी अभ्यास करता?

तो काही जगावेगळा नाही. योहाने नेदरगार्ड आणि गॅरी लुपियन या संशोधकांनी २०२४मध्ये याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ९३ जण होते, काहींच्या डोक्यात आवाजाची भरपूर वर्दळ, तर काहींच्या डोक्यात जवळपास शुकशुकाट. शुकशुकाटवाल्यांना यमक जुळतंय का ते ओळखणं आणि शब्दांच्या याद्या लक्षात ठेवणं जरा जड गेलं. बाकी काही कामांमध्ये दोघांत फार फरक दिसला नाही. म्हणजे आतल्या आवाजाशिवायही माणूस विचार करतो, निर्णय घेतो, प्रेमात पडतो. मग ‘माझा आतला आवाज म्हणजेच मी’ हे जे आपण गृहीत धरून चालतो, त्याचं काय करायचं?

मनाशी बोलणारा कोण?

आपली भाषा याबाबतीत भारी आहे. ‘मला वाटतं’ आणि ‘माझं मन मला सांगतं’ ही दोन्ही वाक्यं आपण एका दमात बोलतो. मन खातं. मन धजत नाही. मनाला समजवावं लागतं. बरं, समजवणारा कोण आणि ऐकणारा कोण? समर्थ रामदासांनी २०५ श्लोक लिहिले आणि ते सगळे स्वतःच्या मनाला उद्देशून आहेत. लहानपणी परवचा म्हणताना हे कधी खटकलं नाही. आता खटकतं. एकाच डोक्यात एक उपदेश करणारा आणि एक ऐकणारा, आणि ऐकणारा बहुतेक वेळा न ऐकणारा!

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी याचं एक उत्तर दिलं होतं. ते १९३४मध्ये, जेमतेम सदतीसाव्या वर्षी गेले. त्यांचं म्हणणं साधारण असं : आतला आवाज आत जन्मत नाही, तो बाहेरून येतो. भातुकली खेळणारं तीन-चार वर्षांचं पोर बघा. ‘आता भात करायचा, हात नाही लावायचा, गरम आहे’ असं ते मोठ्यानं स्वतःलाच सांगत असतं. हे शब्द त्याचे नसतात, आईचे असतात, आजीचे असतात. हळूहळू ती बडबड कुजबुज होते, मग ओठांतल्या ओठांत राहते आणि शेवटी आत जाऊन बसते. म्हणजे ज्याला आपण ‘अगदी माझा’ आवाज म्हणतो, तो मुळात दुसऱ्यांनी आपल्याशी केलेल्या बोलण्यातून तयार झालेला असतो. गॅस बंद केलास का विचारणारी ती आई उगाच नाही आत येऊन बसलेली.

हे पटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. आतला आवाज जर इतक्या जणांचा मिळून बनलेला असेल, तर तो माझाच आहे हे मेंदूला कळतं कसं?

स्वतःला गुदगुल्या करून बघा. होत नाहीत. कारण हात हलवायचा हुकूम देतानाच मेंदू स्वतःला एक सूचना देऊन ठेवतो, की आता जो स्पर्श होईल तो आपलाच आहे, दचकू नकोस. बोलण्याच्या बाबतीतही असंच काहीसं होत असावं, असं बऱ्याच मेंदूशास्त्रज्ञांना वाटतं. आतल्या आत शब्द तयार होतो, त्याच्यावर ‘आपला’ असा शिक्का बसतो आणि तो विचार म्हणून पुढे जातो. आणि शिक्का बसायचा राहून गेला तर? मग तोच शब्द कुणा परक्याचा आवाज वाटू शकतो. १९४०च्या दशकाच्या शेवटी लुई गूल्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आवाज ऐकू येणाऱ्या एका रुग्णाच्या गळ्याची बारीक कुजबुज मायक्रोफोननं मोठी करून ऐकली होती. ती कुजबुज आणि रुग्ण सांगत असलेले ‘आवाजाचे’ शब्द जुळत होते. हे वाचताना माझ्या तर अंगावर काटा आला होता. अर्थात ही सगळी अजून एक थिअरी आहे. सगळ्या प्रकारचे आवाज तिच्यात बसत नाहीत.

येरवड्याची रात्र

आवाज ऐकू येणं म्हणजे वेड लागणं, हे समीकरण आपल्या डोक्यात सिनेमांनी पक्कं बसवलंय. पण पुण्यातलीच एक गोष्ट बघा. एप्रिल १९३३च्या अखेरीस गांधीजी येरवडा तुरुंगात होते. मध्यरात्री आपल्याला एक आवाज स्पष्ट ऐकू आला, उपवास कर असं त्यानं सांगितलं, असं त्यांनी नंतर ‘हरिजन’मध्ये लिहिलं. ८ मे रोजी त्यांनी अस्पृश्यतेच्या प्रश्नावर एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. त्याच दिवशी सरकारनं त्यांना सोडलं आणि उरलेला उपवास पुण्यातच ‘पर्णकुटी’ या बंगल्यात झाला. हा भास कशावरून नसेल, असं लोकांनी तेव्हाही विचारलंच. त्यावर गांधीजींचं उत्तर असं, की माझ्याकडे पुरावा नाही, पण अख्खं जग एका बाजूला झालं तरी माझी खात्री हलणार नाही.

आता हीच गोष्ट आपल्या वर्गातल्या एखाद्यानं सांगितली तर आपण काय करू? ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरेल, दुसरं काय.

अगदी तसंच एका मुलीच्या बाबतीत झालं. एलिनॉर लाँग्डन. इंग्लंडमधल्या विद्यापीठात दुसऱ्या टर्मला असताना ती एका सेमिनारमधून बाहेर पडत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, की ती आता खोलीबाहेर चाललीय. मागे कुणीच नव्हतं. मग तो आवाज तिच्या सोबतच राहायला लागला. ती दार उघडतेय, ती लायब्ररीत जातेय, अशी क्रिकेटसारखी कॉमेंट्री. त्रास काहीच नव्हता. उलट घरापासून लांब आलेल्या मुलीला तो जरा सोबतीसारखाच वाटायचा. त्रास सुरू झाला तो तिनं हे एका मैत्रिणीला सांगितल्यावर. मैत्रीण हादरली, डॉक्टरकडे जा म्हणाली. पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, हॉस्पिटलच्या वाऱ्या झाल्या, आणि जितकी ती आवाजाला घाबरून त्याच्याशी भांडायला लागली तितके आवाज वाढत आणि बिथरत गेले. बाहेर यायला तिला काही वर्षं लागली. तिच्या लक्षात आलं, की हे आवाज कुठून तरी आलेले नाहीत. लहानपणी तिच्यावर जे अत्याचार झाले होते आणि जे ती कुणालाच सांगू शकली नव्हती, ते या रूपात बोलतंय. पुढे तिनं मानसशास्त्राच्या पदव्या घेतल्या, संशोधक झाली. २०१३मध्ये ‘टेड’च्या स्टेजवर उभं राहून हे सगळं तिनं सांगितलं, तेव्हाही आवाज पूर्ण गेलेले नव्हते. तिचं त्यांच्याशी जमायला लागलं होतं, इतकंच.

ती ज्या चळवळीतून उभी राहिली तिची सुरुवात नेदरलँड्समधली. मारियुस रोमे हे मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांच्याकडे उपचार घेणारी पॅटसी हाख हे दोघं टीव्हीवर एका कार्यक्रमात गेले आणि ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांनी फोन करावा, असं त्यांनी आवाहन केलं. फोन करणाऱ्यांपैकी साधारण साडेचारशे जणांना आवाज ऐकू येत होते. त्यातल्या दीडशेच्या आसपास लोकांचं त्या आवाजांसकट बरं चाललं होतं! १९८७मध्ये या लोकांची उट्रेख्तला परिषद भरली. तोवर डॉक्टर सहसा एवढंच विचारायचे, की आवाज येतात का, हो की नाही. या लोकांनी पुढचा प्रश्न विचारायला लावला : आवाज काय म्हणतो?

काय म्हणतो हे तुम्ही कुठे राहता यावरही ठरतं, ही मला या सगळ्या विषयातली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट वाटते. टान्या लुर्मन या मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातलं सान मटेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई अशा तीन ठिकाणी गंभीर मानसिक आजार असलेल्या प्रत्येकी वीस जणांशी बोलून बघितलं. अमेरिकेतले आवाज जास्त करून अनोळखी, हिंसक, डोक्यात घुसखोरी केल्यासारखे. आक्रामध्ये अनेकांशी देव बोलत होता. आणि चेन्नईत? निम्म्याहून जास्त जणांना घरच्यांचे आवाज ऐकू येत होते. काम सांगणारे, टोकणारे, ओरडणारे नातेवाईक. साठच माणसं होती, म्हणून यातून ‘भारतीय असे आणि अमेरिकन तसे’ असा मोठा निष्कर्ष काढायला नको. चेन्नईतही काहींचे आवाज भयंकर होतेच. पण जिथे माणूस आधीपासूनच घरच्या दहा जणांच्या मतांनी बनलेला असतो, तिथे आजारातही घरचेच बोलायला येतात, हे विगोत्स्कींना अजिबात नवल वाटलं नसतं.

आणि आजार नसतानाही येतात. डेवी रीस या डॉक्टरांनी १९७१मध्ये वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास निम्म्या जणांना गेलेल्या जोडीदाराचे कुठल्या ना कुठल्या रूपात भास होत होते आणि तेरा टक्क्यांच्या आसपास लोकांनी त्यांचा आवाज ऐकला होता. बहुतेकांनी हे आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. आजोबा गेल्यावर आजी कधी कधी ‘ओ’ देते, ते आठवलं असेल काहींना.

मग घाबरायचं कधी?

हे सगळं वाचून ‘आवाज म्हणजे काही नसतंच’ असं कुणी समजू नये. स्किझोफ्रेनिया खरा आहे. जगात दोन कोटींहून जास्त लोकांना तो आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा आपल्याच वयात होते, विशीच्या अलीकडे-पलीकडे. औषधांनी अनेकांना खरोखर उतार पडतो. लाँग्डनची गोष्ट ऐकून कुणी गोळ्या बंद करायला गेलं तर ते महागात पडू शकतं, ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४मधला ‘देवराई’ बघितला नसेल तर बघा. अतुल कुलकर्णींचा शेष बघताना कळतं की आजारी माणूस आतून किती एकटा पडतो आणि घरच्यांची त्यात काय फरफट होते.

आवाज नुकसान करायला सांगत असेल, स्वतःचं किंवा दुसऱ्याचं, तर थांबायचं नाही, लगेच मदत घ्यायची. झोप पार उडाली असेल, लोक आपल्याविरुद्ध कट करतायत असं वाटत असेल, कॉलेजला जाणं, जेवणं, आंघोळ सगळंच सुटत चाललं असेल, तरीही. कधी कधी सलग जागरणं, तीव्र ताप, नशा किंवा खोल नैराश्य यांमुळेही आवाज ऐकू येतात, म्हणून गूगलवर स्वतःचं निदान करत बसण्यात काही अर्थ नाही.

आणि तुमच्याजवळ येऊन कुणी हे सांगितलं तर? ‘काहीतरीच काय’ किंवा ‘कुणाला बोलू नकोस हं’ ही दोन वाक्यं तेवढी टाळा. आवाज काय म्हणतो, कधी येतो, त्याची भीती वाटते का, असं विचारता येतं. डॉक्टरकडे सोबत जाता येतं, बाहेरच्या बाकड्यावर बसून राहता येतं. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२पासून सुरू आहे, नंबर १४४१६. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. काळजी वाटणाऱ्या मित्रानं केला तरी चालतो.