मोडता ठेका आणि त्याचे मुलूख

‘डीजे’ हा शब्द आपल्याकडे एका विचित्र अर्थाने रूढ झाला आहे. मिरवणुकीच्या अग्रभागी ट्रकवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत असा त्याचा अर्थ मराठी माणूस घेतो, आणि तो शब्द कानी पडताच खिडक्या लावून घेण्याच्या तयारीला लागतो. मूळ अर्थाने डीजे ही वस्तू नसून व्यक्ती आहे. ध्वनिमुद्रिका अशा निवडीने व अशा जोडणीने वाजवावयाच्या की समोरचा समुदाय दीड-दोन तास न थांबता नाचत राहावा, हे तिचे काम. आणि या सलग वादनाला ‘सेट’ असे म्हणतात. बैठकीत गायक जसा समोरच्यांचा अंदाज घेऊन पुढची चीज ठरवतो, तसाच डीजे पुढची मुद्रिका ठरवतो. एखाद्या प्रांताची अभिरुची तेथे कोणत्या मुद्रिका खपतात यावरून कळते, त्याहून अधिक ती तेथील सेटवरून कळते. कारण मुद्रिका घरी एकट्याने ऐकता येते, सेटला मात्र समोरून तत्काळ कौल मिळतो. पाय थांबले की निकाल लागला.

या नृत्यसंगीतात दोन मोठी घराणी आहेत, असे म्हणता येईल. एक सरळ ठेक्याचे आणि दुसरे मोडत्या ठेक्याचे. तीनतालाची १६ मात्रांची चौकट डोळ्यांपुढे आणली तर हा भेद चटकन ध्यानी येतो. सरळ ठेक्यात १, ५, ९ आणि १३ या मात्रांवर डग्ग्यासारखा एकेक घुमारा पडत राहतो. हाऊस, टेक्नो, ट्रान्स हे सारे प्रकार त्यावर उभे आहेत. मोडत्या ठेक्यात, म्हणजे ब्रेकबीटमध्ये, पाचव्या व तेराव्या मात्रेवर हलगीसारखा कडक आघात असतो, परंतु घुमारा आपली जागा सोडून भटकतो. नवव्या मात्रेवर तो अपेक्षित असतो आणि तेथे तो नसतो. तो येतो अकराव्या मात्रेवर, कधी बाराव्यावरही. आपल्या तीनतालातही नववी मात्रा खालीचीच. हा योगायोग असला तरी आपल्या कानाला या संगीताची वाट सापडावयाला तो उपयोगी पडतो. सरळ ठेका पावलांना चालवतो, मोडता ठेका त्यांना क्षणभर अधांतरी धरतो.

‘ब्रेक’ या नावामागे एक प्रसंग आहे. १९६०-७० च्या दशकांतील अमेरिकेतील निग्रो समाजाच्या (आज ज्यांना आपण आफ्रिकन-अमेरिकन म्हणतो त्यांच्या) फंक संगीतात मध्येच गायक व इतर वादक थांबत आणि काही क्षण केवळ ढोलवादकाला मोकळे रान मिळे. ठुमरीच्या अखेरीस तबलजी लग्गीवर येतो आणि सभा सावरून बसते, तसाच हा क्षण. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवावेत म्हणून नाचाची मेजवानी ठेवली होती. तिचा अठरा वर्षांचा भाऊ, जमैकात जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, मुद्रिका वाजवीत असे. नाचणारे लोक त्या ब्रेकचीच वाट पाहत तिष्ठत असतात, हे त्याने हेरले होते. एकाच मुद्रिकेच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवून, एकीवरील ब्रेक संपताच दुसरीवरील सुरू करावयाचा, अशी युक्ती त्याने रूढ केली. हाच पुढे डीजे कूल हर्क म्हणून विख्यात झाला. गाणे बाजूला राहिले आणि लग्गीचाच सेट झाला.

अशा ब्रेकांपैकी सर्वांत दूरवर गेलेला एक आहे. १९६९ मध्ये विन्स्टन्स नावाच्या वाद्यवृंदाने ‘अमेन, ब्रदर’ ही रचना एका गाजलेल्या गीताच्या मुद्रिकेच्या पाठीवर घातली होती. तीत ग्रेगरी कोलमन या वादकाचा चार आवर्तनांचा, सुमारे ७ सेकंदांचा ढोलवादनाचा तुकडा आहे. १९८०-९० च्या काळात ध्वनीचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणारी सॅम्पलर ही यंत्रे आटोक्यातल्या किमतीत आली आणि हा तुकडा हजारो नव्या मुद्रिकांत शिरला. लंडनच्या तरुणाने आणि फ्लोरिडाच्या तरुणाने एकच बीज पेरले. पीक मात्र निराळे आले, आणि या निराळेपणाचाच विचार येथे करावयाचा आहे.

लंडनमध्ये त्या तुकड्याचा वेग वाढला. मुळात मिनिटाला सुमारे १३७ ठोके असलेला ठेका १९९३-९४ पर्यंत १६० ते १७० वर गेला आणि त्याला ‘जंगल’ हे नाव पडले. पण वेगापेक्षाही महत्त्वाचे असे दुसरे काही तेथे घडले. जमैकातून आलेल्या कुटुंबांनी रेगे संगीताचा जड, संथ खर्ज आणि रस्त्यावर उभ्या केलेल्या प्रचंड ध्वनिक्षेपकांची परंपरा बरोबर आणली होती. वर ढोल द्रुतात आणि खाली खर्ज त्याच्या निम्म्या वेगात, असा दुपदरी प्रकार त्यातून निर्माण झाला. नाचणाऱ्याने कोणती लय धरावी हे त्याच्या मर्जीवर राहिले. लोकांना एखादा तुकडा विशेष आवडला की ते आरोळ्या ठोकून डीजेला मुद्रिका मागे फिरवून पहिल्यापासून लावावयास भाग पाडीत. ही ‘वन्समोअर’ची रीतही जमैकाचीच. उंच इमारतींच्या गच्च्यांवरून चालणारी परवानारहित नभोवाणी केंद्रे हे या अभिरुचीचे विद्यापीठ होते. त्यांचे प्रक्षेपण शहराच्या फार पलीकडे पोचत नसे, आणि त्यामुळेच लंडनचा कान लंडनचा राहिला.

तेथून २०० किलोमीटरांच्या आत असलेल्या ब्रिस्टलने नेमका उलटा मार्ग धरला. तेथेही जमैकन वस्ती होती, तेच ध्वनिक्षेपक होते. परंतु मॅसिव्ह ॲटॅकचा १९९१ चा ‘ब्लू लाइन्स’ आणि पोर्टिसहेडचा १९९४ चा ‘डमी’ हे संग्रह ऐकावेत, तर मोडता ठेका विलंबितात गेलेला आढळतो. त्याच ब्रिस्टलच्या रोनी साइझने आपल्या मंडळींसह १९९७ मध्ये द्रुत लयीच्या ‘न्यू फॉर्म्स’ या संग्रहासाठी मर्क्युरी पारितोषिक मिळवले, तेव्हा तेथील द्रुतातही जिवंत खर्जवादनाची एक सैल ऐट होती. उत्तरेकडे, विशेषतः स्कॉटलंडमध्ये, मोडता ठेका फार काळ रुचला नाही. तेथील समुदायाने उड्या मारता येतील असा सरळ व अतिद्रुत ठेका पसंत केला. एका छोट्या बेटावरचे हे तीन स्वाद होत. अभिरुची रक्तात असते, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

याच सुमारास ब्रिटिश सरकारही या संगीताच्या व्याख्येच्या फंदात पडले. उघड्या माळावर रात्रभर चालणाऱ्या नाचांना आळा घालण्यासाठी १९९४ मध्ये जो फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था अधिनियम झाला, त्याच्या ६३ व्या कलमात ‘संगीत’ या शब्दात पुनरावृत्त ठोक्यांची मालिका हे मुख्य लक्षण असलेल्या ध्वनींचाही समावेश होतो, असे म्हटले आहे. मसुदे लिहिण्यात ज्यांचे आयुष्य जाते त्यांना या वाक्यामागची तारांबळ कळेल. ऑटेकर या जोडीने त्याच वर्षी एक मुद्रिका काढली. तिच्यातील एका रचनेत कोणतीही दोन आवर्तने सारखी नाहीत, असे वेष्टनावर छापून, ती वाजवताना जवळ एक वकील व एक संगीतशास्त्रज्ञ ठेवावा, असा सल्लाही दिला. कायद्याने ज्या क्षेत्राला एकच मानले त्यात किती भेद आहेत, हे यापेक्षा चोख रीतीने कोणी दाखवले नसेल.

आता अटलांटिक ओलांडून फ्लोरिडात जाऊ. शिकागो व डिट्रॉइट ही हाऊस आणि टेक्नोची जन्मस्थाने, म्हणून अमेरिकेतील नाचघरे सरळ ठेक्याची, असा समज होईल. फ्लोरिडाने तो खोटा ठरवला. १९८० च्या दशकात मायामीत रोलंड कंपनीच्या ८०८ या ढोलयंत्राच्या लांबट, थरथरत्या खर्जावर उभे असलेले ‘मायामी बास’ हे संगीत फोफावले. ते मोटारीत ऐकावयाचे संगीत होते. डिकीत मोठे ध्वनिक्षेपक बसवून लोक रस्त्यांवरून ते मिरवीत. पुढच्या दशकात ऑर्लँडो व टँपा येथे डीजे आयसीप्रभृतींनी या खर्जावर फंकचे ब्रेक बसवून १३० च्या आसपासची, सुटसुटीत व हसरी अशी एक शैली घडवली, तिलाच ‘फ्लोरिडा ब्रेक्स’ म्हणतात. लंडनचा ढोल तुकडे तुकडे करून उलटापालटा केलेला असतो. फ्लोरिडाचा मात्र सरळ फिरत राहतो, कारण तो गाडी चालवताना ऐकावयाचा आहे. हाच मायामीचा खर्ज ब्राझीलमध्ये रिओच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत पोचला. १९८९ मध्ये डीजे मार्लबोरोने ‘फंक ब्राझील’ हा संग्रह काढला, त्यात पोर्तुगीज शब्द त्यावर बसले, आणि पुढे आफ्रो-ब्राझिली ढोलांच्या ध्वनींनी मूळ यंत्राचा ठेका पार बदलून टाकला.

पण सर्वांत कुतूहलाचे उदाहरण स्पेनचे आहे. व्हॅलेन्सिया, कॅटलोनिया, माद्रिद येथे कडक सरळ ठेका लोकप्रिय असताना, दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांताने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रेकबीटला आपलेसे केले, आणि तेही केवळ मोजक्या शौकिनांपुरते नव्हे. सेव्हिल, मालागा, कादिझ, ग्रानादा या शहरांच्या परिसरात ते तरुणांचे साधारण संगीत झाले. ब्रिटनमध्ये जे मोजके रसिक जाणत, त्यांच्या नावावर येथे मोठाली मैदाने भरत. आणि पुढे ब्रिटनमध्ये या प्रकाराची ओढ ओसरली तेव्हाही तेथील डीजेंना आंदालुसियाची आमंत्रणे येत राहिली.

हे असे का व्हावे? फ्लामेंकोच्या भूमीला मोडता ठेका जवळचा वाटणारच, असे उत्तर सहज दिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. फ्लामेंकोतील बुलेरियासारखे प्रकार १२ मात्रांचे आहेत, त्यांचे गणित ब्रेकबीटच्या चौकटीत बसत नाही. तांगोस हा प्रकार चार मात्रांचा आहे आणि त्यात टाळ्यांचे आघात मात्रांच्या मधोमध पडतात, एवढे नाते मान्य करता येईल. पण तो कान तर शतकानुशतके तेथे होता. १९९० नंतर जे नवीन आले ते म्हणजे फ्लोरिडाच्या व इंग्लंडच्या मुद्रिका, शहराबाहेरची मोठी नाचघरे, त्यांच्या वाहनतळांवर उभ्या मोटारींतून पहाटेपर्यंत वाजणारे ध्वनिक्षेपक, आणि हे ऐकून स्वतःच्या मुद्रिका काढू लागलेले स्थानिक कलाकार. तेथील सेटमध्ये खर्ज फ्लोरिडाचा, पण वर भावपूर्ण गायनाचा व ठसठशीत सुरावटीचा सोस अधिक. लंडनचा डीजे ज्या सुरेल तुकड्याला भाबडा म्हणून टाळील, त्यावर तेथे सारे मैदान गाऊ लागते. ऑस्ट्रेलियाच्या दूर पश्चिमेकडील पर्थमध्येही ब्रेक्सचे असेच एक ठाणे होते. २००२ मध्ये स्थापन झालेला पेंड्युलम हा वृंद तेथलाच.

साधनांचाही अभिरुचीवर अंमल चालतो, आणि याचे उत्तम उदाहरण आपल्या गोव्यात मिळते. हणजुण्याच्या किनाऱ्यावर १९९० च्या सुमारास परदेशी पाहुण्यांनी जे संगीत वाढवले ते सरळ ठेक्याचे ट्रान्स. उष्णता व धूळ यांत तबकड्या टिकत नसत, म्हणून तेथील डीजे डॅट या छोट्या ध्वनिफितींवर वाजवीत. टेक्निक्सच्या १२०० जातीच्या तबकडीयंत्रावर वेग ८ टक्के वरखाली करता येतो, त्यामुळे दोन मुद्रिकांचे ठेके एकमेकांवर बसवता येतात. मोडत्या ठेक्यात ही जुळणी फारच नाजूक असते, एक कडक आघात तसूभर सरकला तरी खडखडाट होतो. फितींवर वेग बदलण्याची सोय बहुधा नसे. तेव्हा एक रचना विरावी आणि दुसरी उगवावी, हीच तेथली रीत झाली, आणि तिला अखंड चालणारा सरळ ठेकाच मानवला. मोडत्या ठेक्याला भारतीय हात लागले ते गोव्यात नव्हे, लंडनमध्ये. तबलावादक तल्वीन सिंग याने १९९५ पासून पूर्व लंडनमध्ये ‘अनोखा’ या नावाने रात्रीच्या मैफली भरवल्या. त्याच्या ‘ओके’ या संग्रहाला १९९९ चे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. तबल्याचे बोल त्या द्रुत ढोलांच्या फटींत असे बसले की जणू नवव्या मात्रेची ती रिकामी जागा त्यांच्यासाठीच राखली होती.

आज संगणक कोणतीही लय कोणत्याही लयीवर बसवून देतो, आणि सेव्हिलचा सेट पुण्यात त्याच रात्री ऐकता येतो. त्यामुळे या सीमा पुसट झाल्या आहेत, हे खरे. तरी घरी ऐकणारे कान आणि समोर नाचणारे पाय यांतला भेद यंत्राने मिटवलेला नाही. एकच डीजे दोन गावांत दोन सेट वाजवतो.

प्रत्येक मुलखाने त्या सात सेकंदांना आपले म्हटले. ज्याने ते वाजवले त्या ग्रेगरी कोलमनला मात्र त्यापोटी काहीही मिळाले नाही. २००६ मध्ये तो मरण पावला तेव्हा त्याला राहावयाला घर नव्हते. मुद्रिकेचे हक्क वृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्याकडे होते. आपल्या तुकड्याचा हा विस्तार त्याला १९९६ मध्ये कळला, आणि अमेरिकन कायद्यात अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत असल्याने न्यायालयाचा मार्ग जवळजवळ बंद झाला होता. २०१५ मध्ये एका ब्रिटिश डीजेच्या पुढाकाराने देशोदेशीच्या लोकांनी वर्गणी जमवली आणि २४,००० पौंड स्पेन्सरच्या हाती दिले. तो २०२० मध्ये वारला.