हात धुण्याचे गणित

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४७ साली डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्या वॉर्डातले मृत्यूंचे प्रमाण एप्रिलमध्ये शेकडा १८ होते, ते काही महिन्यांत २ च्या आसपास उतरले. त्यांचे तेव्हा फारसे कोणी ऐकले नाही, हा भाग वेगळा. आज एकही डॉक्टर हे नाकारणार नाही. तरीही जगातील उत्तमोत्तम रुग्णालयांत गरज असेल त्या प्रत्येक वेळी हात धुतले जात नाहीत.

याला सरसकट निष्काळजीपणा म्हणणे मला पटत नाही. माणसे वारंवार चुकत असतील तर आधी यंत्रणा तपासावी, ही आम्हा इंजिनिअर मंडळींची सवय. साधा हिशेब करा. अतिदक्षता विभागातील नर्सला तासाला वीसेक वेळा हात स्वच्छ करावे लागतात. बेसिनपर्यंत जाऊन, साबण लावून, पुसून परत यायला एक मिनिट धरले, तरी कामाच्या वेळेचा एक तृतीयांश भाग त्यातच गेला!

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते यांनी नेमके हेच हेरले. अल्कोहोलचे द्रावण प्रत्येक खाटेपाशी ठेवले, भिंतींवर पोस्टर्स लावली, निरीक्षणाचे आकडे कर्मचाऱ्यांना दाखवले. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण १९९४ मधील ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयात होणाऱ्या इन्फेक्शनचे प्रमाणही त्याच सुमारास १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. गंमत म्हणजे नर्सेस सुधारल्या, डॉक्टर मात्र फारसे नाहीत. (आपल्या मंडळातील डॉक्टर सभासदांनी राग मानू नये.)

हातमोजे घातले म्हणजे भागले, असेही नाही. ते काढतानाही हातांना जंतू लागतात.

आता आपला प्रश्न. भारतातून आलेले आईवडील इथल्या हॉस्पिटलात असले, की डॉक्टरांना काही विचारायची आपल्याला भीड वाटते. आई तर डोळ्यांनीच गप्प बसवते. पण इथली सी.डी.सी. रुग्णांना आणि नातेवाइकांना विचारा म्हणूनच सांगते. "डॉक्टर, तपासण्यापूर्वी हात स्वच्छ करता का?" एवढे पुरे. डबा घेऊन जाणाऱ्यांनीही आत शिरताना आणि निघताना ते द्रावण वीस-तीस सेकंद चोळावे. सी. डिफिसिलच्या जुलाबाच्या रुग्णाकडून निघताना मात्र साबण आणि पाणीच वापरावे, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.